हात बसलेला माणूस

“बाबा, फडकं तरी घ्या!”

मी ओरडेपर्यंत बाबांनी गॅसवरचं उकळत्या पाण्याचं पातेलं दोन्ही हातांनी काठाला धरून उचललं होतं आणि सावकाश चालत जाऊन बाथरूममधल्या बादलीत ओतलंही होतं. रिकामं पातेलं त्यांनी ओट्यावर आणून ठेवलं, हात पँटला पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, की वेड्यासारखं काही केलं असेल तर ते मीच.

“काय गं? कशाला ओरडलीस?”

“उकळतं होतं ते.”

“मग? विसण घालायला उकळतंच लागतं.”

सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. “तू काय आज आलीस का या घरात? लोखंडाचे हात आहेत ते. लग्न ठरलं तेव्हा त्यांचा हात हातात घ्यायची भीती वाटायची मला.”

“मग काय केलंत?”

“घेतला. म्हटलं, लोखंड तर लोखंड. गंजेल कधीतरी.”

आम्ही तिघंही हसलो. त्या सकाळी ते हसण्यासारखंच होतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. घरात बाबा आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यांचे काका. दमलेली इंजिनं खोलायची, घासायची, तासायची आणि पुन्हा कामाला उभी करायची, असं आमचं वर्कशॉप. ‘आमचं’ म्हणते, कारण मीही तिथेच होते. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून एकदा दर्शन देणारा. दिवसभर घरात सासूबाई आणि मी. भांड्याला भांडं लागायचंच, आणि आम्ही दोघी म्हणजे तर पितळी घंगाळं. शेवटी बाबांनीच तोडगा काढला. म्हणाले, “चल माझ्याबरोबर, सुटे भाग धुवायला माणूस हवंच आहे.” तेव्हापासून सासूबाईंचं आणि माझं उत्तम जमतं.

वर्कशॉपमध्ये बाबांचं खास काम म्हणजे पिचकारीचे रॉड. कनेक्टिंग रॉड हा वरखाली होणारा पिस्टन आणि खाली गोल फिरणारा क्रँक यांना जोडणारा दांडा. पिस्टनच्या डोक्यावर सतत आग पेटत असते. जुन्या इंजिनांवर लोक झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं टाकतात, मग पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये रुतून बसतो. त्यावरचा उपाय असा, की रॉड खालच्या टोकाला जिथे रुंद होतो, त्या खांद्यात एक बारीक भोक पाडायचं. क्रँकमधून येणाऱ्या ऑईलची चिळकांडी दर फेऱ्याला त्या भोकातून उडते आणि पिस्टनच्या पोटाला लागते. वर आग असली तरी खालून पिस्टन गार राहतो. बाबांनी हे एका मोठ्या इंजिनात पाहिलं आणि छोट्या इंजिनांच्या रॉडवर करायला सुरुवात केली. त्यांच्या हातची इंजिनं पुन्हा अडकून परत आली नाहीत, त्यामुळे लांबलांबून लोक यायला लागले.

ऐकायला सोपं वाटतं. पण रॉडला भोक पाडायचं म्हणजे त्याची ताकद थोडी खर्च करायची. ड्रिल बाहेर आलं की भोकाच्या तोंडाशी धातूची कुसळं उभी राहतात, कडेला धार राहते. ती धार घासून, गोल करून, आरशासारखी गुळगुळीत करावी लागते. का, ते बाबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “कापडवाला कापड कसं फाडतो? काठाला कात्रीने एवढीशी चीर देतो आणि ओढतो. बाकी काम ती चीरच करते. ही धार म्हणजे ती चीर. आणि इंजिन रॉडला दिवसभर ओढतच असतं.”

घासून झालं की ते परीक्षा घ्यायचे. डोळे मिटायचे, तर्जनीचं टोक भोकाच्या तोंडावर ठेवायचे आणि हळूहळू गोल फिरवायचे. लहान बाळाच्या टाळूवरून फिरवावं, इतकं हळू. मग डोळे उघडून म्हणायचे, “गोड आहे.” म्हणजे रॉड पास. नाही तर, “टोचतंय,” म्हणून परत घासायला घ्यायचे. वर्कशॉपच्या मालकाने त्यांना एक भिंगही आणून दिलं होतं, आत दिवा असलेलं. ते खणात पडून होतं. “डोळा फसतो,” बाबा म्हणायचे, “बोट फसत नाही.” वर्कशॉपमध्ये चहा चांगला झाला तरी पोरं डोळे मिटून कपावर बोट फिरवायची आणि म्हणायची, “गोड आहे.” बाबा खोटं खोटं रागवायचे.

पातेल्याच्या त्या प्रसंगानंतर काही दिवसांनी वर्कशॉपचा कॉम्प्रेसर बिघडला. एरवी मी रॉड रॉकेलमध्ये धुवायचे आणि हवेच्या झोताने सुकवायचे. त्या दिवशी हवा नव्हती म्हणून जुन्या बनियनचा बोळा घेऊन पुसायला बसले. बाबांनी नुकताच गोड ठरवलेला रॉड होता. बोळा खांद्यावरून फिरवला, तर तो भोकाशी अडकला आणि तिथे सुताचे दोन-तीन धागे राहिले. दुसऱ्या रॉडलाही तसंच. तिसऱ्याला धागे नाहीत, पण मी बोट फिरवलं तेव्हा असं टोचलं, की मी हात झटकला.

मी रॉड घेऊन बाबांच्या टेबलाशी गेले. आजूबाजूला ग्राइंडरचा आवाज होता, तरी मी हळूच बोलले. चारचौघांत सासऱ्याची चूक काढायची म्हणजे जिभेवर दगड ठेवल्यासारखं होतं.

“बाबा, हा परत बघता का?”

त्यांनी डोळे मिटले, बोट फिरवलं. “गोड आहे.”

“मला टोचला.”

“तुझी बोटं मऊ आहेत गं. भाजी निवडणारी.” तरी त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. या वेळी जरा दाबून आणि उलट्या बाजूने फिरवलं. चेहऱ्यावर तोच शांतपणा. “लोण्यासारखा आहे. बघ.”

त्यांनी रॉड माझ्यापुढे धरला. भोकाभोवती लाल गोल उमटला होता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मीच कुठला तरी रंग लावून आणलाय, कारण त्यांनी मला विचारलं, “हे काय लावलंस?” मग त्यांनी आपलं बोट उलटं करून पाहिलं. पेराला आडवा काप गेला होता आणि रक्त तळहातावरून मनगटाकडे वाहत होतं.

मी बनियनचा तोच बोळा त्यांच्या बोटाला गुंडाळला. मला रडू फुटेल असं वाटत होतं, का ते अजून नीट कळलं नव्हतं. बाबांना मात्र कळलं असावं. त्यांनी खण उघडला, भिंग काढलं, दिवा लावला आणि त्या दिवसाचे सगळे रॉड एकेक करून पाहिले. मग उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, “चल.”

डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं. म्हणाले, “मी सुई लावतो. लागली की सांगा.” बाबा शहाण्या मुलासारखे डोळे मिटून बसले. डॉक्टरांनी अंगठ्याला सुई लावली, तर्जनीला लावली, मधल्या बोटाला लावली, मग दुसऱ्या हाताच्या बोटांना. मी बघत होते. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, “लावा ना आता, कशाची वाट बघताय?”

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. “हाताने चालवायचा ग्राइंडर किती वर्षं वापरताय?”

“तुमचा जन्म झाला असेल नसेल, तेव्हापासून.”

“त्या थरथरीने नसा मरतात, काका. एकदम नाही, हळूहळू. त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही.”

“परत येतील?”

“नाही येणार.”

दवाखान्याबाहेर एक बाक होता. बाबा तिथे बसले आणि हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. समोरून माणसं येत-जात होती. मला वाटलं, हाताचं दुःख करतायत. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “बाबा, भिंग आहे ना. मी बोट लावेन. आपण दोघं मिळून करू.”

“पुढचं नाही गं म्हणत मी.” ते म्हणाले. “आधी दिवसाला दोन-तीन रॉड तरी टोचायचे मला. परत घासायला लागायचे. गेल्या वर्षभरात एकही टोचला नाही. एकसुद्धा नाही. मला वाटलं, आता हात बसला. इतकी वर्षं घासली, आता कुठे हात बसला. मी खूश होतो गं.”

मी त्यांच्या शेजारी बसले. वर्षभर त्यांनी डोळे मिटून, शांत चेहऱ्याने पास केलेले रॉड मला आठवायला लागले. मी धुतलेले, मीच कागदात गुंडाळून दिलेले. कुठकुठल्या इंजिनांत ते आत्ता या घडीला फिरत होते.

मालक माझ्याच वयाचा. वडिलांमागे वर्कशॉप त्याच्याकडे आलं. लहानपणी तो बाबांच्या खांद्यावर बसून इंजिनं बघायचा, म्हणून बाबांना काकाच म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा. आम्ही त्याच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा तो बाबांसाठी उठून उभा राहिला.

“माझी बोटं गेली,” बाबा म्हणाले. “वर्षभरात मी पास केलेला एकेक रॉड बाहेर काढून बघायला हवा.”

त्याने सगळं ऐकून घेतलं. बाबांचं बोट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाला, “काका, एक तरी तुटला का?”

“नाही.”

“मग?”

“तुटल्यावर बघायचं असतं का?”

“तसं नाही हो. पण आपणच दारोदार जाऊन सांगायचं, आमचं काम कच्चं आहे म्हणून? उद्या आपल्या दारात कुत्रं येणार नाही. इथे किती जणांची पोटं आहेत, तुम्हाला मी सांगायला हवं का? तुम्ही आजपासून हे काम थांबवा. दुसरा कोणी भिंग लावून करेल. झालं ते झालं.”

“झालं नाही अजून. चाललंय ते. बाहेर फिरतंय.”

वाद घालणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. ते बाहेर आले आणि मला म्हणाले, “बर्फाच्या कारखान्यात चल. तिथला माणूस भित्रा आहे, तो उघडू देईल.”

भित्रा माणूस किती कामाचा असतो ते मला त्या दिवशी कळलं. बर्फवाल्याने बाबांचं अर्धं वाक्य ऐकलं आणि इंजिन बंद केलं. दोन दिवस खपून आम्ही रॉड बाहेर काढले. मी धुतले, पुसले. बोळा जवळजवळ प्रत्येकाला अडकला. मग बाबांनी मला खडूची पूड करायला सांगितली. रॉड रॉकेलमध्ये भिजवायचा, वरून कोरडा करायचा आणि त्याला पूड फासून ठेवायचा. कुठे तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. आम्ही रॉड ओळीने मांडून बसलो. बर्फवाल्याने चहा आणला. चहा संपेपर्यंत एका रॉडच्या भोकापासून केसाएवढी रेघ निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत खाली सरकत सरकत थांबली.

बाबांनी तो रॉड तसाच, पुडीसकट, मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. मालकाने वाकून ती रेघ पाहिली. मग त्याने खुर्ची मागे सारली. त्याचा चेहरा लहान पोरासारखा दिसत होता.

“कुठेकुठे जायचंय, काका?”

बाबांनी डोळे मिटून एकेक इंजिन सांगितलं. मला आश्चर्य वाटलं नाही. त्यांना नातेवाइकांचे चेहरे आठवायचे नाहीत, पण इंजिन एकदा पाहिलं की विसरायचे नाहीत.

मालकाने माणसं वाटून दिली. काही इंजिनं उघडली, काहींचे मालक हसले. एक जण तर म्हणाला, “काका, तुमच्या रॉडमुळे माझं इंजिन इतकं गार राहतंय, की मी दुप्पट माल ओढतोय. आणि ते उघडू म्हणता?” यातच खरी मेख होती. पिचकारी आपलं काम चोख करत होती. पिस्टन गार, इंजिन खूश, म्हणून माणसं निर्धास्त होऊन ओझं वाढवत होती, आणि ते सगळं ओझं त्या न दिसणाऱ्या धारेवर पडत होतं.

दगडाच्या खाणीवर बाबा स्वतः गेले. मीही गेले.

खाण म्हणजे जमिनीत खणलेला खोल चौकोन. तळाशी माणसं दगड फोडत होती, वरून ती बोटाएवढी दिसायची. बाजूच्या झऱ्यांचं पाणी तळात सतत भरायचं आणि काठावरच्या पत्र्याच्या शेडमधला पंप ते सतत उपसायचा. पंपावर एक तरुण माणूस होता. सगळे त्याला पंपवालाच म्हणायचे. इंजिन नवं होऊन आलं तेव्हा त्याने हौसेने त्याला हिरवा रंग दिला होता. आम्हाला बघून त्याने दोन डबे उलटे घालून बसायला दिले.

बाबांनी त्याला काही लपवलं नाही. बोटं दाखवली, चिरेचं सांगितलं, बर्फाच्या कारखान्यातल्या रेघेचं सांगितलं. तो ऐकता ऐकता इंजिनाकडे बघत होता.

“आत्ता बंद कर,” बाबा म्हणाले.

“काका, बंद केला तर खाली पाणी भरतं. यंत्रं बुडतात सगळी.”

“माणसं वर घे, यंत्रं वर घे. मग बंद कर.”

पंपवाल्याने मुकादमाला बोलावलं. मुकादम शेडच्या दारातच उभा राहिला. “कामं बंद ठेवायची? एका भोकापायी? चालतंय ना ते?”

“चालतंय,” बाबा म्हणाले.

“मग चालू दे.” तो निघालाच होता, मग काय वाटलं कोणास ठाऊक, वळून म्हणाला, “दुसरा पंप यायचाय या आठवड्यात. तो लागला की काय उघडायचं ते उघडा.”

तो गेल्यावर पंपवाला ओशाळा हसला. “माझ्या हातात असतं तर आत्ता केलं असतं, काका.”

“माहीत आहे मला.” बाबा उठून इंजिनाजवळ गेले. पिशवीतून त्यांनी आपला लांब पेचकस काढला. लाकडी मुठीचा, मूठ घासून काळी झालेली. टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आत काय चाललंय ते ऐकू येतं. बाबांनी प्रत्येक सिलिंडरपाशी ऐकलं. कान अजून शाबूत होते. मग त्यांनी पेचकस त्या पोराच्या हातात दिला.

“हा ठेव तुझ्याकडे. अधूनमधून लावत जा. आवाजात जरा जरी फरक वाटला, टकटक आली, तर कोणाला विचारायला जाऊ नकोस. बंद कर. आणि खालच्या लोकांना सांग, शिडी उचलून ठेवू नका. लावलेलीच राहू दे.”

“तुमचा पेचकस?”

“परत घेईन. नवा पंप लागला की.”

वाटेत मी बाबांना विचारलं, “तडा गेला की आधी आवाज येतो?”

रस्ता खडीचा होता, आमच्याच पावलांचा आवाज येत होता.

“कधी येतो,” ते म्हणाले. “कधी येत नाही.”

“मग त्याला ऐकायला का सांगितलंत?”

“काहीतरी द्यायला नको का त्याच्या हातात?”

बाबांचा मला राग आला होता आणि कीवही आली होती. दोन्ही एकदम आलं की माणसाने मुकाट्याने चालावं.

त्यानंतर बाबा घरात असून नसल्यासारखे होते. जेवताना घास हातातच राहायचा. सासूबाईंनी पातेली उचलायची त्यांना बंदी केली. ते पाण्याजवळ गेले तरी त्या आधी स्वतःचं बोट बुडवून बघायच्या. एकदा शर्टाचं बटण लावताना ते बराच वेळ झटापट करत होते. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी सगळी बटणं लावून दिली, गळ्याचंसुद्धा, जे ते कधी लावत नसत. गंजेल कधीतरी, हे त्यांचं वाक्य मला आठवलं. त्यांनाही आठवलं असणार, कारण त्या घाईने आत निघून गेल्या.

फेरीबोटीचं इंजिन आम्ही उघडलं होतं, त्या दिवशी मालक स्वतः धक्क्यावर आला. लांबूनच त्याची चाल बघून बाबांनी हातातला पाना खाली ठेवला.

“कुठला?” त्यांनी विचारलं.

“खाण.”

नवा पंप आदल्या दिवशी आलेला होता. जोडायचा तेवढा राहिला होता. सकाळी रॉड खांद्यापाशी तुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. पंपवाला इंजिनाला टेकून उभा होता. पेचकस कानाला लावून ऐकत होता.

“खालची माणसं?” बाबांनी विचारलं.

“वर आली सगळी. भिजली, पण आली.”

बाबांनी मान हलवली. मग ते परत खाली बसले आणि बोटीच्या इंजिनाचा उरलेला रॉड काढायला लागले. मालक म्हणाला, “काका, राहू दे आता.” बाबा थांबले नाहीत. पाना दोनदा त्यांच्या हातातून निसटला, दोन्ही वेळा मी उचलून दिला. रॉड सगळे बाहेर आले, मी धुतले, पूड फासली. त्यात एकालाही तडा नव्हता. बाबांनी ते सगळे तपासून झाल्यावरच मला सांगितलं, “मला त्याच्या घरी जायचंय.”

मालकाने त्यांना थोपवायचा प्रयत्न केला. म्हणाला, लोक संतापलेले असतील, आत्ता जाऊ नका. मुकादम तर अंगावर सगळं घ्यायला नको म्हणून गावातूनच निघून गेलाय. सासूबाईंनीही आधी नको म्हटलं. मग बाबांचा चेहरा बघून त्यांनीच इस्त्रीचा शर्ट काढला, बटणं लावली आणि मला म्हणाल्या, “तू जा बरोबर. हात सोडू नकोस त्यांचा.”

घर एका खोलीचं होतं. दारात चपला होत्या, शेजारची दोन-चार माणसं भिंतीला टेकून बसली होती. आम्ही कोण ते त्यांना समजल्यावर बोलणं बंद पडलं. पंपवाल्याची आई खोलीच्या मधोमध सतरंजीवर बसली होती. कोपऱ्यात हिरव्या रंगाचा अर्धा डबा होता, त्यावर वाळलेला ब्रश आडवा ठेवलेला.

बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. बसताना त्यांना माझा आधार घ्यावा लागला. त्यांनी काय बोलायचं ठरवलं होतं मला माहीत नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, “तो रॉड माझा होता.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी डबा घेऊन गेले तेव्हा त्याने सगळं सांगितलं होतं. म्हणाला, एवढा मोठा कारागीर, पण स्वतःची चूक सांगायला चालत आला.”

“माझ्यामुळे गेला तो.”

“हो,” ती म्हणाली. “तुमच्यामुळेच गेला. तुम्ही सांगून गेलात, तेव्हापासून तो त्या इंजिनापासून हलला नाही. जेवायलासुद्धा नाही. तिथेच कान लावून बसायचा.”

भिंतीशी बसलेल्यांपैकी कोणीतरी खाकरलं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, आता ती किंचाळेल, आणि किंचाळली असती तर बरं झालं असतं.

“आणि खालच्यांनी शिडी ठेवली तीही तुमच्यामुळेच,” ती म्हणाली. “त्यांच्या बायका सकाळपासून येतायत माझ्याकडे. पायाला हात लावून रडतायत. आता मी काय करू, तुम्हीच सांगा. तुम्हाला शिव्या देऊ का काय करू?”

तिने उशीखालून एक कापडात गुंडाळलेली वस्तू काढली आणि उलगडली. पेचकस होता. दांडा वाकला होता, मूठ धड होती. कोणीतरी तो पुसून स्वच्छ केला होता.

“तुमचा आहे म्हणत होता. परत द्यायचाय म्हणत होता.”

तिने तो बाबांच्या मांडीवर ठेवला. मग एकाएकी तिचा धीर सुटला. तिने पुढे होऊन बाबांचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले, त्यावर कपाळ टेकलं आणि रडायला लागली. बाबांनी डोळे मिटून घेतले, रॉड तपासताना मिटायचे तसे. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि इस्त्रीच्या कॉलरमध्ये मुरत होतं.

थोड्या वेळाने ती शांत झाली. तिने बाबांचे हात सोडले, पदराने तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून बसली. बाबा मात्र तसेच राहिले. डोळे मिटलेले, हात पुढे केलेले, कोणीतरी ते धरलेत असे.

“बाबा,” मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं.

“सोडले का गं हात त्यांनी?” बाबांनी विचारलं.

मी हो म्हटलं, आणि त्यांच्या मांडीवरचा पेचकस उचलून पिशवीत ठेवला.